सल्ला द्यायचा नाही

माझं काम आधी सांगते, म्हणजे वर्षाराणी कोण ते कळेल. मी अरुणा, जयसिंगपूरची. गणितात एमएस्सी केलं, शाळेत नोकरी मिळाली नाही, म्हणून पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पाहणीचं काम धरलं. वाड्यावस्त्यांवरची पोरं गणित-विज्ञान घेऊन कुठवर जातात आणि कुठं गळतात, याचा त्यांचा पाच वर्षांचा अभ्यास होता. नववीतली दोनशे पोरं निवडायची, दरवर्षी एकदा घरी जायचं, फॉर्म भरायचा. कोल्हापूर जिल्हा माझ्याकडं. वर्षाराणी झोरे त्या दोनशेतली सत्तेचाळिसावी.

राधानगरीच्या वरच्या अंगाला बारा घरांचा धनगरवाडा आहे. एसटी खाली सोडते, पुढं तासभर चढ. पहिल्यांदा गेले तेव्हा तिची आई धोंडुबाई म्हणाली, "बसा पावणं, दम खावा," आणि शेळीच्या दुधाचा चहा हातात दिला. पोरगी वही घेऊन समोर बसली. मी प्रश्न काढायच्या आधी तिनंच मला विचारलं, "अक्का, धरणाची दारं आपसूक उघडत्यात. मग पाणी किती झालं त्ये त्यास्नी कळतंय कसं?"

शाळेत विचारलं तर सर म्हणाले होते, उघडतात म्हणून उघडतात. हिनं वहीत चित्र काढलं होतं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला पाणी, खाली तिचं गणित. एका ठिकाणी चुकलं होतं, तेही माझ्यादेखत तिनंच खोडून नीट केलं. नववीतली पोरगी हो. माझे हात शिवशिवत होते तिला पुढचं दाखवायला. पण दाखवायचं नव्हतं.

का नव्हतं तेही ऐका. कामावर घेताना पुण्यात तीन दिवस आम्हाला शिकवलं. आमच्या मॅडम म्हणाल्या, "आपण बघायला जातोय, बदलायला नाही. शिकवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. दिलात तर ते मूल अभ्यासातून बाद, कारण मग ते तुमच्यामुळं पुढं गेलं की स्वतःहून, हे आपल्याला कळणार नाही." मला ते पटलं होतं. लई शास्त्रशुद्ध वाटलं होतं. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि राग त्यांच्यापेक्षा माझा मलाच जास्त येतो.

दहावीला तिला एक्क्याण्णव टक्के पडले. रोज जाऊन-येऊन चौदा किलोमीटर चालून. राधानगरीत मावशीकडं राहून तिनं अकरावी सायन्स धरलं. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल करायचं, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. अख्ख्या वाड्यात बारावीच्या पुढं गेलेलं तोवर कुणी नव्हतं.

अकरावीच्या फेरीत फॉर्ममधला तेविसावा प्रश्न मी वाचला : जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे का?

"म्हंजे काय वो? जातीचा दाखला हाय की माझ्याकडं."

जातीचा दाखला वेगळा आणि त्याची पडताळणी वेगळी. पडताळणीला आज्या-पणज्याचे जुने कागद लागतात, समिती ते तपासते, त्यात महिनेच्या महिने जातात. तो कागद हातात नसेल तर राखीव जागेवरचा इंजिनिअरिंगचा प्रवेश टिकत नाही. म्हणून अर्ज अकरावीतच घालायचा. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. दोन मिनिटांचं काम. मी "नाही"वर खूण केली, शेजारी "माहिती नाही" लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला, घरात वीज किती तास असते? कॉलेजवाले सांगतील की, अशी मनाची समजूत घालून खाली उतरले.

बारावीला पुन्हा गेले. पुन्हा तेविसावा प्रश्न. पोरगी हुशार, तिच्या ध्यानात होतं. म्हणाली, "त्ये मागल्या सालीबी इचारलं हुतंसा. लागतंय काय त्ये?"

सरळ विचारलं होतं तिनं. आणि मी, एमएस्सी झालेली बाई, काय म्हणाले? "मला सांगता येत नाही गं. कॉलेजात विचार." तिनं विचारलं. तिथले क्लार्क म्हणाले, लागलं की बघू. झालं. आता क्लार्कला शिव्या घालायला माझं तोंड आहे का? त्याला निदान नियम तरी आड येत नव्हता, तो नुसता आळशी होता. मला ठाऊक असून मी गप्प बसले.

प्रवेश परीक्षेत तिला शहाण्णव पर्सेंटाइल मिळाले. यादीत नाव लागलं, सरकारी कॉलेज, सिव्हिल. धोंडुबाईनं वाड्यात पेढे वाटले. मग कागद जमा करायची तारीख आली आणि वैधता प्रमाणपत्र मागितलं. बाप दोन आठवडे फिरत होता. आजा शाळेचं तोंड न बघितलेला माणूस, त्याचा कागद आणायचा कुठनं? शेवटी चुलत आज्याचं नाव एका जुन्या शाळेच्या रजिस्टरात सापडलं, अर्ज गेला. तारीख त्याच्यासाठी थांबली नाही. जागा गेली. खुल्या यादीत तिचा नंबर लागला नाही. प्रमाणपत्र दिवाळीनंतर घरी आलं, शिक्क्यासकट, अगदी बरोबर.

शेवटच्या फेरीला मी गेले तेव्हा ती खालच्या गावातल्या दूध डेअरीत होती. मशीनमध्ये दूध घालायचं, फॅटची पावती द्यायची. बी.ए.ला नाव घातलं होतं. घरात लग्नाचं बोलणं चाललं होतं. डेअरीच्या पायरीवर बसून आम्ही फॉर्म भरला. अभ्यास संपत आला होता, आता बाद व्हायची भीती नव्हती, तर मला जोर आला. म्हटलं, "वर्षा, प्रमाणपत्र आलंय ना आता? पुन्हा परीक्षा दे की."

"आता सांगताय व्हय?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बाबा म्हनत्यात, एकडाव गावात हसं झालं तेवढं बास. येत्या मार्गशीर्षात पावणं बघाय यायल्यात." मग तिनं विचारलं, "अक्का, तुमास्नी ठावं हुतं न्हवं? अकरावीतच?"

खोटं बोलायचं फार मनात आलं. बोलले नाही. "होतं," म्हटलं.

तिनं मान हलवली. शेवटचा प्रश्न राहिला होता : इंजिनिअरिंगला न जाण्याचं कारण. पर्याय वाचून दाखवले. परिस्थिती, लग्न, अंतर, आवड नाही. एकेकाला ती नको म्हणत गेली. शेवटी म्हणाली, "इतर लिवा. लिवा की, इचारणाऱ्या बाईला सगळं ठावं हुतं, पर तिनं सांगितलं न्हाय."

मी अक्षरन् अक्षर लिहून घेतलं. तिनं वाचून बघितलं, खाली सही केली आणि दूध घेऊन आलेल्या माणसाचं कॅन उचलायला गेली.

पुण्यात सगळ्या "इतर" उत्तरांना नंबर द्यायचं काम माझ्याकडंच आलं. संगणकाला वाक्यं चालत नाहीत, नंबर लागतो. हे कुठं बसवायचं म्हणून मी मॅडमना विचारलं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. "एका मुलीसाठी वेगळा गट करता येत नाही, अरुणा," त्या म्हणाल्या. "सात नंबर दे. माहितीचा अभाव."

मी सात टाकला.