दोन स्वल्पविरामांमधली कोरी जागा

‘याच्याच प्रोग्रॅमनं विधवांची थट्टा झाली,’ असे नांदुऱ्याच्या सहकारी कापूस-जिनिंग संस्थेच्या कचेरीतले माझे जुने सहकारी आजही सांगतात. हे खोटे आहे. सभासद-यादीत विधवेच्या पतीचा रकाना आम्ही कोरा ठेवत असू. फाइलमध्ये रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असत, म्हणून तिथे दोन स्वल्पविराम लागून येत. ‘सी’ या संगणकभाषेतले तयार फंक्शन ते दोन्ही एकच समजते आणि पुढच्या रकान्यातले गाव पतीच्या रकान्यात सरकते. म्हणून मी प्रत्येक स्वल्पविराम वेगळा मोजला होता. कचेरीच्या साहेबांनी माझा कोड लांबलचक ठरवून तेच फंक्शन बसवले.

‘काऊन बे, या बाईचा नवरा धामणगाव बढे हाय काय?’ म्हणत, पतीच्या रकान्यात छापलेले गावाचे नाव दाखवून कारकून हसले. ती बाई माझी आई होती.

माझ्या कोडने आधी छापलेली यादी मी जपली आहे. तिच्यात आईच्या पतीचा रकाना कोरा आहे.