कडूबा पैलवानाच्या नावावरचं वाक्य

एकवीस वर्षांपूर्वी, जत्रेतल्या एका कुस्तीनंतर, मी कडूबा पैलवानाच्या तोंडी एक वाक्य घातलं. तो ते बोलला नव्हता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — संपादकांना नाही, बायकोला नाही. तुम्हाला सांगतो आहे.

वाक्य तुम्ही वाचलेलं असणार. क्रांती चौकाजवळच्या एका जिमच्या काचेवर ते आहे. सकाळी मोबाइलवर येतं, मागं उगवता सूर्य असतो. 'मला कोणी घडवलं नाही. मातीत मी एकटाच उभा राहिलो.' खाली नाव — कडूबा पैलवान, देवगाव रंगारी.

त्याच्या नावावर अशी पुष्कळ वाक्यं फिरतात. घामाबद्दल, शत्रूबद्दल, आईच्या हातच्या भाकरीबद्दल. ती कोणी केली ते सापडणार नाही. या एकाचा कर्ता सापडतो.

मला कडूबा आवडत नव्हता. आजही आवडत नाही — हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही माया समजून वाचणार नाही. तो जिल्ह्यातला सर्वांत नावाजलेला पैलवान, मी क्रीडा बातमीदार. बातमीदाराला काय हवं असतं? दोन वाक्यं. तो ती कधी देत नसे. डाव कोणता, तयारी कशी, पुढची कुस्ती कोणाशी — काहीही विचारा, उत्तर एकच. "वस्तादांना विचारा."

वस्ताद म्हणजे चाँद वस्ताद. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांची तालीम. कडूबा नऊ वर्षांचा असताना त्यांच्याकडं आला, तिथंच जेवला, तिथंच वाढला. त्यांना विचारायला जावं तर ते हसत. "मेरे कू क्या पूछते? लड्या तो उने!" लढला तो, मग बोलेलही तोच — असं.

त्या संध्याकाळी कडूबानं साडेसहाच्या सुमाराला कुस्ती मारली. पान साडेसातला छपाईला सुटणार होतं. पानावर चार ओळींची चौकट मोकळी ठेवलेली — 'पैलवान म्हणतात'. गर्दी रेटत मी त्याच्यापर्यंत पोचलो, वही उघडली. तो अंगावरची माती निपटत होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "वस्तादांना विचारा." वस्ताद त्या दिवशी आलेलेच नव्हते, तापानं घरी होते. भोवतीचे हसले. एकजण ओरडला, "लिवा की, पेपरवाले! लई मोठी बातमी घावली!"

मी एसटीडी बूथवरून बातमी सांगितली. चौकटीपर्यंत आलो आणि थांबलो. 'विजयाचा आनंद आहे' — एवढं चाललं असतं. अशी वाक्यं आम्ही सर्रास घालत असू, कोणी तक्रार करत नसे. मग हेच का सुचलं? सुचलं नाही — निवडलं. ते कुठं लागेल हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो कार्यालयात आला. सलग तीन-चार वाक्यं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"साहेब, मी असं बोललो नाय. वस्ताद खाली हॉटेलात बसलेत. छापू नका काही. नुसतं खाली येऊन त्यांना सांगा, हा बोलला नाय म्हणून."

एक जिना उतरायचा होता. एवढंच त्याचं मागणं.

वही माझ्या खणात होती. त्या पानावर दोनच शब्द होते — तुम्हाला ते माहीत आहेत. मी म्हणालो, "पैलवान, तुम्ही बोललात. माझ्याकडं टिपण आहे. आता वस्तादांपुढं फिरता होय?" शेजारच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. तो मला एका हातानं उचलून खाली नेऊ शकला असता. "बरं," म्हणाला आणि गेला.

माझ्या खिडकीतून ते हॉटेल दिसायचं. कडूबा वस्तादांसमोर वाकला. वस्तादांनी पाय मागं घेतले. मग ते एकटेच रिक्षात बसले. त्या वेळीही खाली जाता आलं असतं — नाही का? मी बातमी लिहायला घेतली. कसली होती, आठवत नाही.

कुस्ती लावताना पुकारणारा आधी वस्तादांचं नाव घेतो, मग त्यांच्या पठ्ठ्याचं. पुढच्या मैदानाआधी चाँद वस्तादांनी निरोप पाठवला होता — "मेरा नाम नक्को लेओ." पुकारणाऱ्यानं नुसतं गाव आणि कडूबा एवढंच पुकारलं. कडूबा लंगोट कसून उभा होता. तसाच मैदानाबाहेर गेला. पुन्हा कधी लढला नाही. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. 'कडूबाची माघार' ही बातमी माझीच.

वस्ताद त्यानंतर चार वर्षांनी वारले. तोवर दोघांचं बोलणं झालेलं नव्हतं. तालमीतल्या दोघांकडून मी याची वेगवेगळी खात्री करून घेतली आहे.

गेल्या महिन्यात कडूबाचा सत्कार ठरला. स्मरणिकेत त्याची वचनं छापायची होती. समितीनं चौदा वाक्यांची यादी माझ्याकडं पाठवली. "जुने बातमीदार तुम्ही. खरं कोणतं, खोटं कोणतं, तेवढं बघा." मी तेरा वाक्यांवर काट मारली. एकापुढं बरोबरची खूण केली आणि लिहिलं — 'मी स्वतः ऐकलेलं'. आता कशाची भीती होती? नोकरी संपलेली. संपादक हयात नाहीत. यादी त्याच दिवशी परत पाठवली.

सत्काराच्या दिवशी निवेदकानं ते वाक्य वाचलं. सभागृह भरलेलं होतं. कडूबानं शाल बाजूला ठेवली, माइक मागून घेतला.

"हे मी बोललो नाय." मग म्हणाला, "वस्तादांना विचारा."

लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, "पैलवान लाजतेत! अहो, ऐकणारे इथंच बसलेत. उठा साहेब, दिसू द्या लोकांना!"

मी तिसऱ्या रांगेत होतो. मी उठलो. कडूबा माझ्याकडं बघत होता. टाळ्या थांबेपर्यंत मी उभा होतो.