विहिरीवरची पाणीपाळी

माझ्या वेबसाइटवर एकूण अकरा अवजारं आहेत. सगळी फुकट, सगळ्यांचा कोड उघडा. ज्याला हवं त्यानं घ्यावं, उघडून बघावं, आपल्या सोयीनं बदलावं. भरतीच्या फॉर्मला लागतो तेवढा बारीक फोटो करून देणारं अवजार सगळ्यात जास्त चालतं, जळगावातले सायबर कॅफेवाले त्यावरच दिवस काढतात. एक सातबाऱ्याचे सुटे कागद एका फाइलीत बांधून देतं, एक केळ निसवल्यापासूनचे, म्हणजे घड बाहेर पडल्यापासूनचे दिवस मोजतं. नवरा या सगळ्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतो. मी त्याला सांगते की त्या भाजायला मला आवडतं, तुला काय त्रास आहे.

यादीत सातवं अवजार ‘पाणीपाळी’ आहे. त्याच्याबद्दल सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

माझं आजोळ भडगावजवळचं. दोन मामा, शेजारी शेजारी केळी, मध्ये एक विहीर. आजोबांनी वाटणी करताना विहीर तोडली नाही, दिवस वाटले. एक दिवस थोरल्याचा, एक धाकट्याचा. विहिरीजवळ पाइपला एक वॉल आहे, तो ज्याच्या बाजूला फिरवला त्याच्या ठिबकला पाणी. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. शेतीची वीज मात्र एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री, बारा वाजून गेल्यावर. थोरले मामा, म्हणजे नाना, थकले होते. वीज कधीची, पाळी कुणाची, हे ध्यानात ठेवायचा त्यांना कंटाळा येऊ लागला होता. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? दोन रविवार बसले आणि अवजार तयार केलं. वीज येऊन पंप आपोआप सुरू झाला की त्याच्या पेटीतून नानांच्या फोनवर निरोप जायचा, पाणी सुरू झालं, आज पाळी अमुकाची. धाकट्या मामांकडे साधा बटणांचा फोन, त्यांना काही निरोप जात नव्हता. नानांनी तो निरोप गावभर दाखवला. मीही फुगले.

आखाजीला, लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस होते तेव्हा नानांचा फोन आला. आवाज इतका शांत होता की मला भीतीच वाटली. दिवसाच्या आठवड्यात सगळं ठीक असतं, ते म्हणाले, पण रात्रीच्या आठवड्यात निरोप आपल्या पाळीचा येतो आणि पहाटे जाऊन बघावं तर वॉल धाकट्याच्या बाजूला फिरवलेला. दिवसा भाऊ, रात्री चोर. दोन महिने त्यांनी हे गिळलं होतं. आता बाग करपली होती, घडासकट झाडं मोडत होती. उद्या सकाळी गावातल्या चार जाणत्यांसमोर पाइप कापायचा आणि कायमचं वेगळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी तिथं यायचं आणि माझं मशीन काय सांगतं ते सगळ्यांना दाखवायचं. मी त्यांची साक्षीदार होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आई आणि मी निघालो. पाचोरा मागे पडलं. मग आई म्हणाली, आता आखाजीला मी कोणत्या दारात जाऊ? एकात गेले तर दुसरं बंद होणार. मला धाकट्या मामांचा राग आला होता. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून गिरणा नदीवर गेले, ते भावाचं पाणी चोरतात म्हणजे काय!

पुरावा पक्का असावा म्हणून मी फोनवर जुने निरोप काढून बसले. सगळे रात्री साडेबारा-एकचे. सहज आईला विचारलं, की रात्रीच्या विजेला पाळी कुणाची धरतात. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भाकरी कशाची करतात ते विचारलं होतं.

“ज्याना दिवस, त्यानीच रात,” ती म्हणाली. “दिवस निंघेपावत.”

ज्याचा दिवस, त्याचीच पुढची रात्र, पार सूर्य उगवेपर्यंत. माझ्या कोडमध्ये दिवस रात्री बाराला बदलत होता. बारा वाजले की तारीख नवी आणि पाळी दुसऱ्याची. म्हणजे धाकट्या मामांच्या रात्रीला माझं मशीन नानांचं नाव घेत होतं, आणि नानांच्या रात्रीला धाकट्यांचं. नाना स्वतःच्या रात्री घरी झोपत होते आणि भावाच्या रात्री वॉल बघायला जात होते. मी दर एकादशीला उपास करते आणि तो सकाळी आंघोळ करून सोडते. बारा वाजता उठून कधी भात खाल्ला आहे? तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही.

आणखी एक गोष्ट तिथंच आठवली आणि मला बसमधून उतरून पळावंसं वाटलं. मागच्या महिन्यात धुळ्याकडच्या एका शेतकऱ्यानं वेबसाइटवर तक्रार लिहिली होती, ताई, रात्रीची पाळी उलटी दाखवते. मी त्याला लिहिलं होतं, तारखेचा हिशेब कॉम्प्युटर करतो, तो चुकत नाही, तुमचं घड्याळ तपासा. आणि तक्रार बंद करून टाकली होती. फुकट देणाऱ्याला एक माज असतो. तो मला होता.

विहिरीवर पोचलो तेव्हा चौघे जाणते बाभळीच्या सावलीत बसले होते. नाना पाइपपाशी करवत घेऊन उभे. धाकटे मामा लांब, हात मागे बांधून. केळीची पानं दुमडून लोंबत होती, ते बघवेना. नानांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, वाच.

मी वाचलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, की मशीन चुकलं, म्हणजे मी चुकले. धाकट्या मामांनी स्वतःच्याच रात्री पाणी घेतलं. मला वाटलं होतं, आता नाना करवत टाकतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते कीव आल्यासारखं.

“धाकला मामाले वाचाडी ऱ्हायनी तू, बाई,” ते म्हणाले. “मशीन कसाले खोटं बोली?”

म्हणजे माझ्या तोंडापेक्षा माझ्या मशीनवर त्यांचा विश्वास जास्त होता, आणि तो मीच बसवला होता. त्यांनी करवत पाइपवर टेकवली. शेवटी मी विचारलं, की नाना, एकादशी तुम्ही कधी सोडता? सकाळी, ते म्हणाले. रात्री बाराला का नाही सोडत? माझं मशीन ती बाराला सोडत होतं, मी म्हटलं. चौघांतले एक म्हातारे आबा हळूच ‘अरे राम’ म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं होतं.

नाना मनाशी बोटांवर रात्री मोजत राहिले. मग करवत तशीच ठेवून त्यांनी विचारलं की मग माझ्या स्वतःच्या रात्रींचं पाणी कुठं गेलं. मी तर झोपलो होतो.

हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नव्हता. धाकटे मामा पुढे आले. ते मान खाली घालून बोलले.

“तुनी पाळीले तू उनाच नही, नाना. मी वाट दखी, मंग वॉल मनाकडे फिराया.”

नाना पाळीला आले नाहीत म्हणून वाट पाहून यांनी ते पाणी घेतलं, पण विचारलं नाही. नानांचं घर शंभर पावलांवर होतं. यांनी जाऊन दार वाजवलं नाही, आणि नानांनी दोन महिने चोर समजूनही तोंडावर म्हटलं नाही. आई पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं, आता हा पाइप कापला जाणार.

नाना चौघांकडे वळून म्हणाले, “तीस वरीस मी याले इचारीसन पानी लिधं. औंदा फोनले इचारं.”

त्यांनी करवत जमिनीवर ठेवली. मी घाईनं म्हणाले, नाना, एकच ओळ बदलायची आहे, आत्ता दहा मिनिटांत दुरुस्त करते. एक ओळ, ते म्हणाले, आणि मोडलेल्या झाडांकडे त्यांनी एकदा पाहिलं. मला ते बोलल्याची लाज वाटली. दुरुस्त कर, ज्यांना पाहिजे त्यांना दे, पण माझ्या फोनातून काढ, त्यांनी सांगितलं. मी त्यांच्यासमोर काढून टाकलं आणि फोन परत दिला.

मग त्यांनी भावाकडे न बघताच विचारलं, “आज पाळी कोनी शे?”

“तुनी,” धाकटे मामा म्हणाले.

पाळी खरं तर धाकट्यांची होती. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, नानांनाही. नाना वाकले आणि त्यांनी वॉल आपल्या बाजूला फिरवला.