व्याह्यांना आलेलं आमंत्रण

आमच्या व्याह्यांइतका कुठेही चटकन रुजणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. त्यांना कलेक्टर कचेरीत सोडा, कोर्टात सोडा, परदेशात सोडा; अर्ध्या तासात त्यांची तिथल्या दोन-चार माणसांशी घसट झालेली असते, आणि पाऊण तासात कुणाच्या तरी कुंडीत बोट खुपसून त्यांनी मातीची ओल पाहिलेली असते. बुलढाण्याजवळ देऊळघाटला त्यांची तीन एकर लिंबाची बाग आहे. जगात जे काही आहे ते त्यांच्या लेखी एकतर लिंबाचं झाड आहे, नाहीतर लिंबाच्या झाडाला लागणारं खत, पाणी किंवा रोग आहे. सोयरीक जुळवायला ते बुलढाण्याला आमच्या घरी आले, तेव्हा सगळी मंडळी पोह्यांच्या बशा हातात घेऊन मुलीची वाट बघताहेत आणि मुलाचा बाप गायब! शोधलं तर परसात आमच्या लिंबाच्या झाडाखाली उकिडवे बसलेले. "पोरगी चांगलीच असन," मला म्हणाले, "पण या झाडाले तुमी पाणी लय पाजून राह्यले, इवाई. मुळं सडतीन." आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. मुलगी बाहेर यायच्या आधीच गृहस्थ मला इवाई म्हणून मोकळे झाले होते!

जावई आणि मुलगी राहतात फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठी, मॉंतों नावाच्या गावात. जुनं, नामांकित गाव. एके काळी युरोपभरचे बडे लोक आणि छातीचे रोगी हिवाळा काढायला तिथे यायचे. त्यांच्यासाठी बांधलेली राजवाड्यासारखी हॉटेलं अजून उभी आहेत. पिवळ्या-गुलाबी भिंतींची घरं डोंगराला धरून वर चढत जातात, आणि त्या मुलखात गावाचं नाव निघतं ते लिंबांसाठी. नातू झाला म्हणून माझी बायको आधीच तिकडे गेली होती. मागाहून निघालो मी आणि व्याही. विहीणबाई वारल्यापासून ते एकटेच आहेत. मी रिटायर्ड अव्वल कारकून. कुठेही तयारीशिवाय जात नाही. सहा महिने मोबाइलवर फ्रेंच शिकत होतो. व्याह्यांची तयारी म्हणजे कमरेला कलम बांधायचा चाकू. विमानतळावर तो काढून घेतला तर चिडणं दूरच, हे त्या जवानाला समजावत बसले, की धार दगडावरच लावा, मशीनवर नका लावू, अन् पावसाळ्यात तेल देत जा. मागे रांग खोळंबलेली आणि मी घामाघूम.

समुद्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, आता तरी माणूस गप्प होईल. धोतराचा सोगा वर खोचून ते काठावरच्या दगडगोट्यांवरून पाण्यापर्यंत गेले, ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकले. "हा तं आपला खारपाण पट्टाच आहे, इवाई! अन् लोक पैसे देऊन पाह्यले येतात?" मग उन्हात पडलेल्या त्या उघड्या मंडळींकडे काळजीने बघून म्हणाले, "हे लोक उन्हात काऊन पडले? घरी कोणी नाही का याईच्या?" मी त्यांना हाताला धरून रस्त्यावर आणलं.

रस्त्यावर तर आणखी पंचाईत. समोरून येईल त्याला जय भीम! शेताच्या या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाईल एवढ्या दमाने. जय भीम म्हणायची मला लाज नाही, मीही जन्मभर म्हणत आलोय. लाज वाटायची ती आवाजाची. "हळू बोला ना," मी म्हणायचो. "हळू काऊन? आपण का चोरी करून राह्यलो?" पहिल्या दिवशी माणसं दचकली, दुसऱ्या दिवशी हसली, आणि आठवड्याने पावाच्या दुकानातली बाई यांना बघून आपण होऊन हात वर करायला लागली. मी त्याच दुकानात रोज तिला अस्सल फ्रेंचमध्ये नमस्कार करत होतो. ती मला इंग्रजीत उत्तर द्यायची.

मुलीच्या घराखाली तळमजल्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. आम्ही त्यांना मुस्यू, म्हणजे फ्रेंचमधलं 'साहेब', म्हणायचो. उभा जन्म एका मोठ्या हॉटेलात नोकरी केलेली, त्यामुळे इंग्रजी चांगलं. त्यांच्या अंगणात बायकोने लावलेलं लिंबाचं झाड होतं, आणि त्याच्या खोडातून डिंक गळत होता. व्याह्यांनी ते पाहिलं मात्र, त्यांचं जेवण उडालं. "डिंक्या आहे. दोन वर्सात झाड जाते." सकाळी बघतो तर हे मुलीची भाजीची सुरी घेऊन खोड खरवडताहेत आणि मुस्यू बाजूला तपेलं धरून उभे! मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम लागणार होतं. जावयाने सामान आणून दिलं. बोर्डो हे त्यांच्याच देशातल्या एका शहराचं नाव, हे मी व्याह्यांना सांगितलं. "म्हंजे औषध याईच्याच देशाचं, अन् लावाले देऊळघाटहून मानूस आणा लागला," ते म्हणाले आणि पोट धरून हसले. मुस्यूही हसले, काही न कळता. त्या दिवसापासून दोघं रोज सकाळी झाडासमोरच्या बाकावर बसायचे. हे वऱ्हाडीत बोलायचे, ते फ्रेंचमध्ये. एकदा मी खिडकीतून पाहिलं तर व्याही बोटाने डोळे पुसत होते आणि मुस्यू त्यांच्या गुडघ्यावर थोपटत होते. विहीणबाईंचा विषय निघाला असणार. कसा निघाला, देव जाणे.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो. एका शुक्रवारी मुस्यूंनी मला जिन्यात गाठलं. केस नीट विंचरलेले, गळ्यात टाय. म्हणाले, "रविवारी दुपारी तुमच्या मित्राला माझ्याकडे जेवायला पाठवा. मी स्वतः करणार आहे." त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "माफ करा, त्यांचं पोट बिघडलंय. जमणार नाही." बोलून गेलो. मनाशी म्हटलं, हा माणूस तिथे भुरके मारील, मिरची मागील, आमची शोभा होईल. पण ते पुरतं खरं नव्हतं. सहा महिने भाषेची घोकंपट्टी केली मी, आणि आमंत्रण यांना! मुस्यू 'तुम्ही दोघं' म्हणाले नव्हते. मी जळलो, दुसरं काही नाही. पासष्टीला टेकलेला माणूस, आणि शाळकरी पोरासारखा जळलो.

व्याह्यांना मी काही सांगितलं नाही. रविवारी त्यांना घराबाहेर काढायचं म्हणून डोंगरावरची जुनी दफनभूमी दाखवायला घेऊन गेलो. दुपारी परत येतो तर अंगणात मुस्यू. हातात झाकण घातलेलं भांडं, त्यावर घडी केलेला नॅपकिन. आजारी मित्रासाठी सूप घेऊन जिन्याकडे निघालेले. आणि आमचे आजारी गृहस्थ चार किलोमीटर डोंगर चढून-उतरून, घाम पुसत, खणखणीत आवाजात ओरडले, "जय भीम, दादा!" मुस्यूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. ते मान किंचित लववून भांड्यासकट आत गेले आणि त्यांनी दार हलकेच लावून घेतलं. तेव्हा धावत जाऊन 'खोटं मी बोललो' एवढं सांगायला मला कितीसा वेळ लागला असता? इंग्रजी येत होतं, फ्रेंचही येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मुस्यू बाकावर आले नाहीत. आमचे पाच दिवस उरले होते. व्याही रोज सकाळी जाऊन एकटे बसायचे. "बुढा काऊन रुसला असन, इवाई?" मी म्हणायचो, म्हातारी माणसं, असतात लहरी. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कारण शोधून काढलं. "माह्या मलमानं झाड बिघडलं असन. चुना जास्त झाला. त्याच्या बायकोचं झाड होतं न ते." निघायच्या दिवशी त्यांनी त्या बंद दारासमोर हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "चुकलं असन तं माफ करजा, दादा." तो माणूस कधी नव्हे ते परतीच्या विमानात कुणाशी बोलला नाही. नंतर दोन वर्षं फोनवर पहिला प्रश्न नातवाचा आणि दुसरा, "झाड कसं आहे?" मुलगी म्हणायची, छान आहे. त्यांना वाटायचं, आपलं मन राखायला म्हणते.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. मुस्यूंच्या लेकीने त्यांना आपल्याकडे नेलं, घर रिकामं झालं, नवा पत्ता कुणाला ठाऊक नाही. "बाबा, जाताना ते विचारत होते, तुमच्या सासऱ्यांचं पोट बरं आहे का? कुणाचं पोट बिघडलं होतं?" मी फोन ठेवला. रात्रभर तळमळलो आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.ने देऊळघाट गाठलं.

व्याही बागेत झाडांना आळी करत होते. मी बांधावर बसलो आणि आमंत्रण, थाप, सूप, माझं जळणं, सगळं ओकून टाकलं. त्यांचं खुरपं थांबलं. म्हटलं, आता देतील शिव्या. देऊ देत, खाऊन घेऊ.

"म्हंजे झाड चांगलं आहे?"

"लदलंय म्हणे."

"मंग मलम बरोबर होता," ते म्हणाले आणि खुरप्याला लागलेली माती त्यांनी बोटाने पुसली. मग हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "काय बनवणार होता तो माह्यासाठी?"

त्या शुक्रवारी जिन्यात मुस्यू तेच सांगायला लागले होते, बोटांवर मोजत. पहिल्या बोटालाच मी त्यांना थांबवलं होतं.