मोराची बंडी

आमच्या रत्नागिरीत दिवाळीनंतर नाटक कंपनी उतरायची आणि मग महिनाभर आमच्या घरात दोन वेड्या नांदायच्या. एक माझी आक्का आणि दुसरी मी. सन तीसच्या आगेमागेची गोष्ट. आक्का तेव्हा सोळा वर्षांची, मी अकराची. कंपनीत राजपुत्राचं काम करणारा एक नट होता, तो आमचा देव. त्याची पदं आम्ही विहिरीवर, चुलीपुढे, भांडी घासताना म्हणायचो. आई वैतागून म्हणायची, "त्या मेल्याला जावई करून आणू काय गो?"

राजपुत्राच्या अंगात मखमलीचं जाकीट असायचं. उजव्या छातीवर जरीची वेल होती. डाव्या छातीवर काय होतं ते मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण बायकांना तंबूच्या एका कडेला पडद्याआड बसवत, आणि हा गृहस्थ गाताना नेमका समोरच्या खुर्च्यांकडे तोंड करायचा. आक्का म्हणायची, तिथे मोर आहे. मी म्हणायचे, तिथेही वेलच. यावरून आम्ही एकमेकींशी बोलणं टाकायचो.

त्या वर्षी आक्काला क्षय झाला. मागच्या पडवीतल्या खोलीत तिचं अंथरूण गेलं, ताटवाटी वेगळी झाली, लग्नाचं बोलणं बंद पडलं. मी दाराशी उभं राहायचं, उंबरा ओलांडायचा नाही, हा आईचा दंडक. संध्याकाळी ताप चढला की आक्काला हुडहुडी भरायची. बाबा मुंबईला नोकरीला होते. त्यांनी बोटीनं येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर तिच्यासाठी लोकरीची बंडी पाठवली. जाड, करडी, लांब बाह्यांची. एकदा ऊन दाखवून मग आक्काला द्यायची म्हणून आईनं ती माजघरात ठेवली.

कंपनी आलेलीच होती. शेजारच्या काकूंबरोबर मी नाटकाला गेले आणि त्यांचा डोळा चुकवून पोराटोरांत थेट पुढे सतरंजीवर जाऊन बसले. राजपुत्र आला. डाव्या बाजूलाही वेलच होती. मी जिंकले होते! सकाळी ऐटीत दाराशी जाऊन उभी राहिले. आक्का कोपरावर रेलून उठली.

"बघितलंस? काय होतं गो?"

चार दिवसांत तिचा चेहरा केवढा बारीक झाला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मोर."

"मी सांगत नव्हते तुला?" ती हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला चेव आला. म्हटलं, "तुझ्या नव्या बंडीवर मी तस्साच मोर भरून देते. मग घाल."

"तुला टाका तरी घालता येतो काय?"

"शिकेन. आठ दिवसांत देते."

आई म्हणाली, तिला ऊब आत्ता हवी आहे. तर आक्काच म्हणाली, "असू दे गो आई. आठ दिवसांनी काय होतंय?"

काकूंनी मला साखळीचा टाका दाखवला आणि डब्यातले रेशमाचे दोरे दिले. निळीत खराट्याच्या हिराची काडी बुडवून मी बंडीवर मोर काढला. तो पाहून काकू म्हणाल्या, "बदक काय गो?" पहिल्याच दिवशी मी बंडीची पुढची बाजू मागच्या बाजूला शिवून टाकली. दुपारभर खपून भरलेली मान दुसऱ्या दुपारी उसवली. लोकर ताणली जायची, रेशीम ताणलं जायचं नाही, त्यामुळे प्रत्येक पिसाभोवती चुण्या पडायच्या. आठाचे पंधरा दिवस झाले, मग महिना झाला. संध्याकाळी पडवीतून आक्काचे दात वाजलेले ऐकू यायचे. मी घाईनं टाके घालायचे, आणि घाई केली की जास्त उसवावं लागायचं. आई दोनदा म्हणाली, "पुरे झालं, दे तशीच." मी रडून घर डोक्यावर घेतलं. अर्धा मोर कसा द्यायचा?

पौषात मोर पुरा झाला. मान वाकडी होती, एक पाय आखूड होता, पण पिसारा असा भरला होता की माझा मलाच खरा वाटेना. दाराशी उभी राहून मी बंडी दोन्ही हातांनी पसरून धरली. आक्का कितीतरी वेळ पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"त्याच्या जाकिटापेक्षा चांगला झालाय गो."

"मग घाल ना!" मी बंडी आत टाकायला गेले, तशी ती ओरडलीच. "नको! आत नको टाकू!"

आदल्या वर्षी आमच्या वाडीत एक काका क्षयानं गेले होते. त्यांची गादी, धोतरं, डोक्यावरची टोपीसुद्धा परसात जाळली होती. आम्ही दोघींनी कुंपणाशी उभं राहून ते पाहिलं होतं.

"मी घातली की तीही जाळतील," आक्का म्हणाली. "तुझा मोर मला जाळायचा नाही. बाहेर खुंटीला लाव, मला दिसेल अशी."

आईनं विनवलं, ती रागावली, शेवटी तिनं लेकीपुढे हात जोडले. आक्कानं ऐकलं नाही. आणि मी? मी आईच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. माझ्या कामाचं एवढं मोल झालं म्हणून मनातून मला गुदगुल्या होत होत्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खुंटीवर बंडी लावताना मोर बरोबर तिच्या समोर येईल अशी ती मी दोनदा सारखी केली. आईनं त्याच दिवशी बाबांना पत्र घातलं, की तशीच दुसरी बंडी ताबडतोब पाठवा.

माघ लागला तशी आक्का गेली. तोवर दोन चादरी आणि आईचं जुनं लुगडं पांघरून, कुडकुडत, ती त्या मोराकडे बघत पडलेली असायची. ती गेल्यावर खोलीतलं सगळं जाळलं. बंडीला तिचा हात लागला नव्हता, म्हणून ती तेवढी राहिली. पोरीची एक आठवण तरी उरली, असं भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या. मला त्या बंडीचा राग येतो, अजून येतो. मी तिला सुई लावली नसती तर आक्का ती पहिल्या दिवसापासून ल्याली असती. मग जळाली असती तर जळाली असती.

येणारं माणूस मिळेपर्यंत बाबांची दुसरी बंडी रखडली. ती आली तेव्हा आक्काला जाऊन बारा दिवस झाले होते. साधी, करडी, तशीच. आईनं ती माझ्या अंगात घातली. किती ऊब होती तिला, ते मला तेव्हा कळलं.