धुक्यातलं चांगभलं

सकाळी देवापुढं दिवा लावला की मोठ्यानं म्हणायचं, "जोतिबाच्या नावानं..." आणि घरातल्या माणसानं असेल तिथून "चांगभलं!" म्हणून ते पुरं करायचं, ही आमच्याकडची रीत. आमचे हे तर अंघोळीला बसलेले असले तरी बाथरूममधून आवाज यायचा. हे गेले, त्यानंतर एका सकाळी मी सवयीनं तसं म्हटलं आणि घर गप्प राहिलं. त्या दिवसापासून मी म्हणायचं सोडलं. दिवा लावत होते, पण देवाशी बोलत नव्हते. दवाखान्याच्या जिन्यात बसून इतकं विनवलं तेव्हा ज्यानं ऐकलं नाही, त्याला आता कशाला हाक मारायची, असा राग मनात होता.

मला घराबाहेर काढायचंच, असं शैलानं ठरवलं. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, कसबा बावड्यात आमच्याच गल्लीत राहते. आणखी दोन मैत्रिणी घेऊन शनिवार-रविवार राधानगरीच्या डोंगरात तंबू ठोकून राहायचा बेत तिनं केला. पन्नाशी उलटलेल्या बायका तंबूत झोपणार म्हणून घरोघरी चेष्टा झाली. पण शनिवार छान गेला. कितीतरी महिन्यांनी मी पोटभर जेवले.

रविवारी सकाळी त्या दोघी मैत्रिणी पोहे करायला बसल्या. शैलाला साखरेचा आजार. तिनं इन्सुलिन टोचून घेतलं आणि म्हणाली, "पोहे होईतोवर कडा बघून येऊया की. हितं तर हाय." आम्ही रिकाम्या हातानंच निघालो. कड्याच्या जवळ पोचतो न पोचतो तोच दरीतून धुकं वर आलं. बघता बघता इतकं दाट झालं की शेजारची शैलाही पुसट दिसू लागली. परत फिरलो, पण वाट सापडेना. तंबू हाकेच्या अंतरावर असायला हवा होता. मैत्रिणींची नावं घेऊन ओरडलो, "कुणी हाय का?" म्हणून ओरडलो. उत्तर नाही. फोनला रेंज नव्हती.

शैलाला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. ती मटकन खाली बसली आणि काहीतरी असंबद्ध बोलू लागली. इंजेक्शन पोटात आणि अन्नाचा कण नाही, तिची साखर पार उतरली असणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझ्याजवळ तिच्या तोंडात घालायला साधी लिमलेटची गोळीसुद्धा नव्हती. तिला सोडून जावं तर परत सापडणार नाही, बसून राहावं तर ती हातची जाणार. पुन्हा एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत जाणार, या विचारानं मी गर्भगळीत झाले. कशी कोण जाणे, पोटातून हाक आली, "जोतिबाच्या नावानं...!"

आणि धुक्यातून खणखणीत उत्तर आलं, "चांगभलं!"

मी रडत रडत पुन्हा म्हटलं. पुन्हा उत्तर आलं आणि मागोमाग ओरडणं, "कोन हाय त्ये? हाय तितंच हुबा ऱ्हावा पावणं, म्होरं कडा हाय! पर हाक थांबवू नगासा!" मी म्हणत राहिले, तो पुरं करत राहिला, आणि दर खेपेला आवाज जवळ येत गेला. शेवटी घोंगडं पांघरलेला एक म्हातारा समोर उभा राहिला. त्याच्या फडक्यात भाकरी होती आणि गुळाचा खडा. शैला अजून गिळू शकत होती. गूळ थोडा थोडा करून तिच्या तोंडात घातला. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "का रडायलीस गं?" मी तिला गच्च मिठी मारली.

तंबूपर्यंत पोचवताना म्हाताऱ्यानं सांगितलं, रेडकू चुकलं म्हणून तो इकडं आला होता, एरवी येत नाही. मी विचारलं, "आमचं आधीचं ओरडणं ऐकू आलं नव्हतं का, मामा?"

"आल्तं की. ट्रिपवाली दंगा घालत्यात म्हटलं आन् गप बसलो. मग देवाचं नाव घेतलासा. मागचं चांगभलं म्हटल्याबिगर कसं चालंल?"

पोह्यांना थांबा म्हटलं तर तो थांबला नाही. रेडकू अजून सापडायचं होतं. तो धुक्यात शिरला आणि मी त्या दिशेनं हात जोडले. हे कुणी केलं, कसं घडलं, याचा खल मी करत नाही. माझे हे मागूनही मला मिळाले नाहीत, ते दुःख आजही तेवढंच आहे. पण शैला मिळाली, आणि तीही ज्याच्यावर रुसले होते त्याचंच नाव घेतल्यावर. आपल्या हाती हाक मारणं तेवढं आहे, पुढचं त्याच्यावर सोडावं, इतकंच मला उमगलं.

आता रोज सकाळी दिवा लावून मी मोठ्यानं म्हणते. घर गप्पच असतं. उत्तर देणारा कुठंतरी रेडकू शोधत फिरत असेल, असं समजून मी चहा टाकते.