वहीतले यजमान

माझ्या तोंडाने माझा घात केला. काशीतल्या आमच्या मार्केटिंगच्या वर्गात सर ‘ग्राहकाची निष्ठा’ शिकवत होते. आजकाल गिऱ्हाईक कुणाचंच नसतं, म्हणाले. मी उभी राहिले. पिशवीत मीच छापून घेतलेल्या पर्च्या होत्या: घाट विकाऊ नाहीत, तीर्थाचं पॅकेज बंद करा. त्या वाटायचं सोडून मी बोलत सुटले.

“सर, आमच्या घरी वही आहे. बाबा बालाजी घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांचे विधी करतात. आलेला माणूस वहीत स्वतःच्या हाताने नाव, गाव लिहून जातो. पन्नास वर्षांनी त्याचा नातू दार शोधत येतो, आजोबाचं अक्षर बघून रडतो. जाहिरात नाही, काही नाही. ते ग्राहक नाहीत, यजमान आहेत.”

मला वाटलं, मार्केटिंगचं तोंड बंद केलं. सरांनी चष्मा काढला. “बेटा, यह तो सोना है.”

आठवड्यात माझा प्रोजेक्ट ठरला. वहीतल्या घराण्यांची यादी करायची, आजचे पत्ते नि फोन मिळवायचे आणि काशीयात्रा विकणाऱ्या एका कंपनीला द्यायचे. विषय बदलून मागितला तर सर म्हणाले, फॉर्म वर गेला. वर ऑफिसात गेले तर तिथले म्हणाले, सरांना विचारा. प्रोजेक्ट नाही तर डिग्री नाही. दुसऱ्यांना पर्च्या वाटणं सोपं असतं.

घरी एवढंच सांगितलं की वहीवर काम आहे. बाबा हरखले. हात धुऊन आले, लाल फडक्यातून वही काढली. “आज सूरज कुठून निघाला? एवढ्या वर्षांत कधी हात लावला नाहीस.”

ते वाचू लागले, मी लिहू लागले. एका पानावर नुसता अंगठा होता. “ही बाई वाईची. एकटी आली होती, नवऱ्याच्या अस्थी घेऊन. तुझ्या पणजोबांनी बाजूला नाव लिहिलंय बघ. तिचा पणतू आता पुण्यात असतो, नंबर देतो.”

माझं पेन थांबलं. “बाबा, हे कंपनीला जाणार आहे.”

“जाऊ दे की. हल्ली येतंय कोण? तुझ्या पर्च्यांनी एक तरी यजमान आला का?”

“कंपनी त्यांना हॉटेलात उतरवील. गुरुजीही तिचेच. आपल्या दारी कुणी येणार नाही.”

 बाबांनी वही मिटली नाही. अंगठ्याच्या खुणेवर बोट तसंच होतं.

“आणि नाही दिलं तर तुझी डिग्री?”

मी नुसती नकाराची मान हलवली. ते त्यांना पुरलं.

“मग बोल. पुढे वाचू?”

चौकात माईक धरून मी तासभर बोलत असे. बाबांपुढे एकच शब्द निघाला. “वाचा.”

त्यांनी पुण्याचा नंबर सांगितला. सावकाश, दोनदा, माझ्याकडून चूक होऊ नये म्हणून.